फुगलेलं दार

६ ऑगस्ट

प्रिय मावशी,

नमस्कार. फोनवर तुला आता धड ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले तर वर्गात दिवसभर जे शिकवते त्याच्या नेमकं उलटं होतं. म्हणून पत्र. माझं अक्षर लावता येत नसेल तर शेजारच्या वकीलबाईंकडून वाचून घे, पण त्यांना आपलं मत द्यायला सांगू नकोस.

काम शिंप्याच्या मुलीचं आहे. मागे लिहिलं होतं ना, एकोणीस वर्षांची, सकाळी वडिलांच्या दुकानात काजं करते आणि दुपारी माझ्याकडे येते? या दहा वर्षांत असा आवाज माझ्या वर्गात आला नाही. वीस ऑक्टोबरला संगीत विद्यालयाची प्रवेश परीक्षा आहे. वडिलांनी मोजून एक वर्ष दिलंय. जमलं तर जमलं, नाहीतर कायमची मशीनवर बस, असं त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं.

तिला मी तुझ्याच पद्धतीने शिकवते. तू म्हणायचीस, गळा आतून दिसत नाही, हाताने धरता येत नाही, म्हणून गाणाऱ्याला शब्दांत चित्र द्यायचं, गळा आपोआप तसा वळतो. घसा उघडायला थंड काचेवर वाफ धरायची. लांब स्वराला काठोकाठ भरलेली बादली जिन्यावरून न सांडता उतरवायची. आणि वरच्या स्वरांना फुगलेलं दार: समोर घट्ट बसलेलं दार आहे असं समजायचं, खांदा लावायचा आणि सगळा जोर काढून ढकलायचं. दाराने पहिल्या महिन्यात कमाल केली. वर्गाच्या खिडकीची तावदानं थरथरायची, खालच्या छापखान्यातले लोक जिन्यात येऊन उभे राहायचे.

पण आता तीन आठवडे झाले, वर गेली की आवाज फाटतो. सकाळी तर बोलतानाही खरखर. मला वाटतं मेहनतीत कसर करतेय. तिच्या वडिलांनाही मी तसं म्हटलं, की पोरगी फोनवर फार बोलते, थंड पाणी पिते. तेव्हा तिला दाराहून जोरकस असं एखादं चित्र दे. तुझ्या पोतडीत असेलच.

तुझी भाची


११ ऑगस्ट

लवंगीस,

नमस्कार-चमत्कार नंतर. ते दार आजच्या आज सोड. उद्यापासून नाही, आजपासून. मुलीला आठवडाभर गाऊ देऊ नकोस आणि घशाच्या डॉक्टरकडे ने.

तुला हे चित्र वापरायला कुणी सांगितलं? एवढी वर्षं शिकवतेस आणि तुला कळत नाही की चित्र एका गळ्यापुरतं असतं? आपल्या डोळ्यांचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर चढवत नाहीत. जो गळा भित्रा आहे, ज्यातून नुसती हवा निघते, त्याला ढकल म्हटलं तर तो उभा राहतो. जो आधीच रेटतोय त्याला ढकल म्हटलं तर तो जायबंदी होतो. ती मुलगी तिकडे लोकांना जिन्यात गोळा करतेय आणि तू म्हणतेस मेहनत कमी पडते! तुझे कान काय माझ्यासारखे गेलेत?

माझ्या वहीतलं उतरवून घेतलंस हे मला आत्ता समजतंय. विचारायची रीत नाही का तुझ्याकडे? वही म्हणजे बाजाराची यादी नाही. प्रत्येक चित्रासमोर कुणाचा गळा, कोणती अडचण, किती दिवस, सगळं लिहिलेलं असतं. तू तेवढं सोडून नेमकी चित्रं उचललीस. आणि पोरीच्या नावाने खडे फोडतेस ते वेगळंच.

दुसरं चित्र मी देणार नाही. न ऐकलेल्या गळ्याला मी काही देत नाही, आणि आता ऐकलेल्यालाही देऊ शकत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

मावशी


१७ ऑगस्ट

मावशी,

तुझं पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. दोन दिवस थांबले, उतरली नाही, म्हणून तशीच लिहायला बसले.

दार वापरायला कुणी सांगितलं म्हणतेस? तू! तुझ्या त्या लांबट खोलीत, लाकडी कपाटाला खांदा टेकवून मला उभं करायचीस. चौदाव्या वर्षापासून बाविसाव्यापर्यंत मी त्या कपाटाला ढकललं. खांद्याला वळ उठायचे आणि आई विचारायची हे काय. तू स्वतः सांगायचीस, माझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीचं दार फुगायचं, ते ढकलताना माझा आवाज मोकळा झाला, तुझाही होईल. ते विष होतं तर मला आठ वर्षं कशाला पाजलंस?

वही मी चोरली नाही. तुझ्याकडची शेवटची सुटी होती. तू समोर बसून स्वेटर विणत होतीस आणि मी उतरवत होते. ‘उतरव, उतरव, हात तरी चालू दे,’ असं म्हणालीस. गाणं तर तेव्हा संपलंच होतं माझं. कुणाचा गळा, किती दिवस, ते तुझ्या खुणांच्या भाषेत होतं. मला काय स्वप्न पडणार होतं?

इथे वर्ग मी चालवते, मावशी. जिने मी चढते, छापखान्याचा खडखडाट मी ऐकते, चौदा जणांचे गळे माझ्या अंगावर आहेत. तू तिकडे आरामखुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकतेस. परीक्षेला नऊ आठवडे उरलेत. आठवडाभर गप्प बसवलं तर वडील उद्याच तिला मशीनवर बसवतील. त्यामुळे दार चालू आहे. तुझ्याकडे दुसरं काही नसेल तर राहू दे.

भाची


२२ ऑगस्ट

लवंगीस,

तुझी जीभ लहानपणी होती त्याहून लांब झाली आहे. असो.

मी माझ्या चुका कवटाळून बसणाऱ्यांपैकी नाही, हे तुला माहीत असायला हवं होतं. जे चित्र चालत नाही ते मी खोडते. लाल पेन्सिलीने, तारीख घालून. तू उतरवून घेतलंस ती माझी जुनी वही होती, लाल रेघा नव्या वहीत आहेत. तुझा विश्वास नसेल म्हणून नव्या वहीतलं दाराचं पान फाडून सोबत पाठवते. चाळीस वर्षांत वहीतलं पान मी पहिल्यांदाच फाडलंय. नीट बघ. केव्हाच खोडलेलं आहे. त्यानंतर एकाही गळ्याला मी दार दिलं नाही. तू मात्र आज देतेस आणि वर मलाच शहाणपण शिकवतेस.

मुलीला गप्प बसव. डॉक्टरकडे ने. वडील काय म्हणतील ते नंतर बघू.

मावशी


९ सप्टेंबर

मावशी,

मंगळवारी दुपारी सव्वातीनला शिंप्याच्या मुलीचा आवाज गेला. गाताना नाही. तिने मला ‘खिडकी उघडू का’ असं विचारलं आणि त्यातलं ‘उघडू का’ आलंच नाही. नुसते ओठ हलले. ती हसली आणि पुन्हा म्हणायला गेली. पुन्हा नाही. मग तिचा चेहरा झाला तो मी जन्मात विसरणार नाही, कारण तो मी आरशात पाहिलेला आहे.

डॉक्टरांनी नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना तांदळाएवढ्या गाठी. ‘अजून मऊ आहेत,’ ते म्हणाले. ‘सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. विरतील. असंच रेटत राहिली असती तर कडक झाल्या असत्या, मग विरत नाहीत.’ वीस ऑक्टोबर गेलं.

मुलगी बाहेर बसली होती. मी म्हटलं, डॉक्टर, जरा माझाही घसा बघा. त्यांनी पाहिला, पुन्हा नळी घालून पाहिला. मग म्हणाले, ‘तुमच्या जुन्या आहेत. कडक. त्या वेळी कुणी थांबा म्हणालं नाही का तुम्हाला?’

घरी आले तर तुझं पाकीट उंबऱ्यात पडलेलं. इतके दिवस कुठे फिरत होतं कोण जाणे. उघडलं. फुगलेलं दार, त्याच्यावर लाल रेघ, इतकी दाबून मारलेली की कागद फाटलाय. खाली तुझ्या वळणदार अक्षरात तारीख. १९ जानेवारी. आणि वर्ष.

त्याच वर्षी अकरा जानेवारीला मी सभागृहात आठशे माणसांसमोर वरच्या स्वराला आले आणि तोंडातून काही निघालं नाही. तू पहिल्या रांगेत होतीस, निळी शाल घेऊन. आठ दिवसांनी तू दार खोडलंस. म्हणजे तुला कळलं होतं. आठ दिवसांत कळलं होतं!

आणि तू मला काय सांगितलंस, आठवतं? ‘ताण आला असेल. जिद्दीने कर.’ आणि मी केलं, मावशी. आठ महिने, एकटी, आमच्या मागच्या खोलीत, कपाटाला खांदा लावून. रोज दोन तास दार ढकललं, कारण तू जिद्दीने कर म्हणाली होतीस आणि दुसरं काही मला येत नव्हतं. बाबा जेवताना म्हणाले, हिच्या आवाजात मुळातच दम नव्हता. तू समोर बसली होतीस. मूग गिळून बसलीस. पाणी प्यायलीस, आणि आईला म्हणालीस, भाजीत मीठ कमी आहे.

तेव्हा त्या गाठी मऊ असतील. सहा आठवडे! सहा आठवडे गप्प बस, एवढं एक वाक्य तू मला बोलली असतीस तर मी आज गात असते. वहीला सांगितलंस. मला नाही सांगितलंस. सोळा वर्षं मी समजत होते की देवाने मला कान दिले आणि गळा देताना हात आखडता घेतला.

याचं उत्तर दे. सारवासारव नको.


१६ सप्टेंबर

लवंगे,

सारवासारव करणार नाही.

अकरा तारखेला तुझा स्वर गेला तेव्हा मला पहिल्या रांगेत ऐकू आलं. तेव्हा माझे कान चांगले होते. ते दडपण नव्हतं. चार वर्षांपासून तुझ्या वरच्या स्वरात एक कडा येत होती, ती मला ऐकू यायची आणि मी तिला ताकद समजायचे. माझा स्वतःचा गळा भित्रा होता, मला दाराने वाचवलं, म्हणून मी ते सगळ्यांना दिलं. तुझा गळा भित्रा कधीच नव्हता. चौदाव्या वर्षीसुद्धा नव्हता. मी बघितलंच नाही.

आठ दिवस मला झोप नव्हती. मग खोडलं. तुला सांगायला तीनदा निघाले होते. एकदा तुमच्या फाटकापर्यंत आले. पण त्याच महिन्यात मला गायन विभागाची प्रमुख करणार होते, आणि सख्ख्या भाचीचा गळा हिने घालवला असं लोकांनी म्हटलं असतं. तुझ्या आईने माझं तोंड पाहिलं नसतं. मला वाटलं, तू तरुण आहेस, आपोआप बरी होशील. तू मागच्या खोलीत आठ महिने कपाट ढकलतेस हे मला माहीत नव्हतं. खरं सांगते, हे नव्हतं माहीत. पण विचारलंही नाही. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

‘मीठ कमी आहे’ मला आठवत नाही. म्हणाली असेन.

ओरड मला हवं तेवढं. पण एक ऐक, अनुभवाने सांगते. त्या मुलीच्या वडिलांना सगळं सांगत बसू नकोस. घशाला संसर्ग झाला म्हण. डॉक्टरही तसं लिहून देतात. नाहीतर उद्या चौदाच्या चौदा जण निघून जातील, वर्ग बुडेल, आणि त्या मुलीला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिच्या गाठी तर विरणारच आहेत.

मावशी


२४ सप्टेंबर

मावशी,

तुझं पत्र वाचलं आणि शेवटच्या परिच्छेदाशी येऊन मी हसले. रागाने हसतात तसं. आधी कबुली आणि लगेच मला तोच धडा. तू बदलली नाहीस. आणि खोटं कशाला बोलू, तुझं पत्र यायच्या आधीच संसर्ग हा शब्द माझ्या मनात येऊन गेला होता. चार दिवस मी तो जिभेवर घोळवत होते. तुझ्या अक्षरात वाचला तेव्हा त्याची शिसारी आली.

काल सकाळी दुकानात गेले. दोन मशीन, एक लांब टेबल, भिंतीवर मापाच्या पट्ट्या. मुलगी कोपऱ्यात काजं करत होती. गळ्यात दोरीने छोटी वही अडकवलेली, बोलायचं नाही म्हणून लिहायला. वडील मला बघून उठले आणि म्हणाले, ‘या बाई. सांगा हिला तुम्हीच. वर्ष संपलं. आवाजातच दम नाही तर तुम्ही तरी काय करणार?’

बाबांचंच वाक्य, मावशी. शब्दाला शब्द.

मी म्हटलं, ‘आवाजात दम आहे. नको तेवढा जोर मी लावायला लावला. मी तिला चुकीचं शिकवलं. ती मेहनतीत कमी पडते असं तुम्हाला सांगितलं तेही खोटं होतं. तिने मी सांगितलं तेच केलं आणि त्यानेच गळा बिघडला.’ मग दाराचं सगळं सांगितलं. खांदा कसा लावायचा तेही करून दाखवलं, भर दुकानात, कापडाच्या रॅकला टेकून. मशीनवरचा दुसरा कारागीर पायडल थांबवून बघत बसला.

वडील मशीनवर जाऊन बसले. मग कापडाचा एक तुकडा उचलून मशीनखाली घातला. ‘बाई,’ ते म्हणाले, आणि आवाज चढला, ‘आमच्याकडे कोणी नवीन शिकायला आलं की पहिल्या दिवशी सांगतो, कापड ढकलू नकोस. मशीन आपलं आपण नेतं. ढकललं की सुई मोडते. पहिल्या दिवशी सांगतो हे! तुमच्याकडे सांगायला कोणीच नाही? एवढे मोठे तुमचे वर्ग, आणि सुई मोडेपर्यंत कोणी बघत नाही?’

होतं कोणी सांगणारं, पण तिने ते वहीत लिहून ठेवलं, असं म्हणू?

त्यांनी टेबलावर हात आपटला, खडूचा डबा खाली पडला. ‘मी पोरीला महिनाभर बोल लावतोय. आळशी म्हणालो. जेवायला बसली की म्हणायचो, फुकट खाते. तुमच्या शब्दावर.’ मग मुलीकडे वळून, तिच्याकडे न बघता म्हणाले, ‘पुढच्या वर्षी परीक्षेला बसायचं. मशीन कुठे पळून जात नाही.’ आणि मला, ‘पण तुमच्याकडे नाही शिकणार ती. या आता.’

मी बाहेर पडले. बरोबर आहे त्यांचं. त्या कापडाच्या तुकड्याइतकं नेमकं चित्र तुझ्या माझ्या दोन्ही वह्यांत नाही. मी ते उतरवून घेतलेलं नाही. ते तिच्या घरचं आहे, तिच्याकडेच राहू दे. वर्गातल्या बाकीच्या तेरा जणांना आज सगळं सांगितलं. चार जण उद्यापासून येणार नाहीत. उरलेल्यांचे गळे मी आता एकेक करून ऐकतेय, वही मिटून.

माफ केलं का, असं तू विचारलं नाहीस. विचारूही नकोस. अजून राग आहे आणि तो मी घाईने संपवणार नाही. सोळा वर्षांचा आहे, त्याला वेळ लागेल.

दुकानातून निघाले तर मुलगी दुकानाच्या जिन्यापर्यंत मागे धावत आली. चेहरा लाल, डोळे लाल. मला वाटलं थोबाडीत मारते की काय. गळ्यातल्या वहीत काहीतरी लिहिलं, पान टरकावलं, माझ्या हातात कोंबलं आणि निघून गेली. ते पान सोबत पाठवते. एकच ओळ आहे, पेन्सिलीची, तुझ्या चष्म्यालाही दिसेल: ‘मला वाटलं, माझा आवाजच वाईट आहे.’

तिला असं दोन महिने वाटलं. मला सोळा वर्षं वाटलं. तू फाडून पाठवलेलं पान मी परत देणार नाही. त्याच्या जागी हे चिकटव.

लवंगी